वहिनींची कॅसेट

गणपती यायच्या आधी आमच्या घरी एक दिवस असा उगवतो की, त्या दिवशी घरातल्या शहाण्या पुरुषाने बाहेरची कामे काढावीत. हा दिवस मखर उतरवण्याचा, आणि मखराच्या निमित्ताने सगळा माळा झाडून काढण्याचा. मी दरवर्षी त्या दिवशी कागदांचा एखादा गठ्ठा बगलेत मारून कॉलेजची वाट धरतो. यंदा नेमका रविवार आला. पळायला जागा नव्हती. सकाळच्या चहाबरोबरच वहिनींचे फर्मान आले, "भाऊजी, ह्यांचे गुडघे आता माळ्याचे राहिले नाहीत. शिडीवर तुम्ही चढायचंय."

मी बारा वर्षांचा होतो तेव्हा वहिनी या घरात आल्या. त्या दिवसापासून त्या मला भाऊजी म्हणतात, नि त्या दिवसापासून आजवर त्यांचा शब्द मोडण्याची माझी छाती झालेली नाही. चढलो.

माळ्यावर काय निघत नाही? पितळी घंगाळ, तीन आकाशकंदिलांचे सांगाडे, कुणाच्या तरी मुंजीतला चौरंग, पुतणीची फुटकी पाटी, आणि बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा. डब्यात कॅसेटी होत्या. भक्तिगीते, नाट्यगीते, दादाच्या लग्नातला सनईचौघडा, आणि सगळ्यांच्या तळाशी एक कॅसेट, तिच्यावर निळ्या शाईत वहिनींचे ठसठशीत अक्षर : "मराठी. घटक ४ ते ७. पुसू नये."

मी शिडीवरच बसून राहिलो. खालून आमच्या सौ.ने विचारले, "काय सापडलं? दागिने?"

आता खरे सांगायचे तर, संपादकांनी या अंकासाठी मला विषय दिला होता तो "उच्च शिक्षणातील नवे तंत्रज्ञान" हा. विषय भारदस्त. हल्ली आम्हां प्राध्यापकांना दर सहा महिन्यांनी कुठले ना कुठले प्रशिक्षण असते, तिथले ऐकून मी टिपणेही काढली होती. ती टिपणे टेबलावरच राहिली. कारण या विषयातले मला जे काही थोडेफार कळले आहे त्याची सुरुवात त्या बिस्किटाच्या डब्यातून होते, आणि ते कळायला मला जवळजवळ पंचवीस वर्षे लागली हे आता मान्य करून टाकलेले बरे.

वहिनी निफाड तालुक्यातल्या. दहावी चांगल्या मार्कांनी झाल्या, अकरावीला कॉलेज लांब पडले म्हणून शाळा सुटली, नि १९९१ साली लग्न होऊन त्या आमच्या पंचवटीतल्या जुन्या घरी आल्या. त्याच्या दोनच वर्षे आधी, १ जुलै १९८९ रोजी, नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले होते. पूर्वी पुणे विद्यापीठाचे कुलगुरू असलेले डॉ. राम ताकवले हे त्याचे पहिले कुलगुरू. "ज्ञानगंगा घरोघरी" हे त्याचे ब्रीदवाक्य. ज्याची बारावी झालेली नाही अशालाही पूर्वतयारीचा एक अभ्यासक्रम पुरा करून पदवीच्या वाटेला लागता येत असे. गावात विद्यापीठ आले याचा नाशिककरांना अभिमान होता, पण खरे विद्यापीठ म्हणजे पुण्याचे, अशीही मनात एक गाठ होती. आमच्या कट्ट्यावर तर एक विनोद फार चाले. मुक्त विद्यापीठ म्हणजे अभ्यासातून मुक्त! तो विनोद कुणी काढला ते मी सांगत नाही. सांगायची गरजही नाही.

वहिनींनी १९९५ साली पूर्वतयारी केली आणि १९९६ साली त्या बी.ए.च्या पहिल्या वर्षाला बसल्या. त्याच जून महिन्यात मीही बी.ए.च्या पहिल्या वर्षात पाऊल टाकले. माझे कॉलेज पक्के, दगडी भिंतींचे, तास सकाळी साडेसातला. वहिनींचे कॉलेज रविवारी, एका शाळेच्या वर्गात, नि बाकीचे सहा दिवस स्वयंपाकघरात. एकाच घरात एकाच इयत्तेचे दोन विद्यार्थी, आणि दोघांचाही विषय मराठी!

माझे प्राध्यापक फार विद्वान होते. त्यांच्याबद्दल आजही माझ्या मनात आदर आहे. ते डोळे मिटून बोलत नि आम्ही मान खाली घालून लिहीत असू. त्यांचे एक वाक्यसुद्धा निसटू नये म्हणून मी लघुलिपीसारखी स्वतःची एक लिपी तयार केली होती. घरी येऊन ते सारे सुवाच्य अक्षरांत उतरवून काढी. माझी वही पाहून पाहुणे थक्क होत.

वहिनींकडे वही नव्हती, पुस्तके होती. विद्यापीठाने घरी पाठवलेली, साध्या बांधणीची. त्यांतले एक मी सहज उघडून पाहिले आणि मला हसू आवरेना. दोन पाने मजकूर झाला की प्रश्न. पुन्हा दोन पाने, पुन्हा प्रश्न. "रिकाम्या जागा भरा", "एका वाक्यात उत्तर लिहा", आणि उत्तरे घटकाच्या शेवटी.

मी म्हणालो, "वहिनी, हे तर चौथीच्या पुस्तकासारखं आहे!"

वहिनी कणीक मळत होत्या. म्हणाल्या, "चौथीत मला सगळं येत होतं, भाऊजी."

त्यांच्या अभ्यासाची रीतही विचित्र होती. दिवसा हात मोकळे नसत. पुतणी तीन वर्षांची, सासूसासरे, येणारेजाणारे. मग रात्री सगळी निजली की त्या दादाच्या टू-इन-वनपुढे पदर डोक्यावरून घेऊन बसत नि हळू आवाजात कॅसेट भरीत. पहाटे पोळ्या लाटताना तीच कॅसेट लागे. मी शेजारच्या खोलीत उशी कानांवर दाबून झोपण्याचा यत्न करी. उशीतूनही आवाज येई : अमुक म्हणजे काय? मग काही वेळ नुसती खरखर. मग उत्तर.

एके दिवशी असाच अर्धवट जागा असताना प्रश्न कानावर आला, ओवी आणि अभंग यांच्या रचनेत फरक कोणता? मी मनात म्हटले, हा तर आपला प्रांत. दोनच महिन्यांपूर्वी सरांनी सबंध तास यावर सांगितले होते, ते सुवाच्य अक्षरांत माझ्या वहीत होते. खरखर चालू होती. पोळपाटावर लाटणे फिरत होते. मी आठवू लागलो आणि वहीचे पान डोळ्यांपुढे आले, उजवीकडची तांबडी रेघ आली, मथळ्याखालची दुहेरी ओळसुद्धा आली. मजकूर तेवढा आला नाही. स्वयंपाकघरातून वहिनींनी कॅसेटच्या आधीच सांगून टाकले, ग्रंथातल्या ओवीचे पहिले तीन चरण यमकाने बांधलेले नि चौथा आखूड, मोकळा. मोठ्या अभंगाचे पहिले तीन चरण सहा सहा अक्षरांचे नि चौथा चार अक्षरांचा. मी कूस बदलून पुन्हा उशी घेतली.

१९९९ साली आम्ही दोघेही पदवीधर झालो. मार्क कुणाचे किती हा प्रश्न वाचकांनी मला विचारू नये. माझे मार्क परीक्षेनंतर महिन्याभरात जिथे जायचे तिथे गेले. वहिनींच्या पदवीचे मात्र काम लगेच निघाले. त्याच वर्षी दादाचा सातपूरचा कारखाना बंद पडला. घरात मिळवते दुसरे कुणी नव्हते. एका पतपेढीत जागा निघाली, अट होती पदवीधर पाहिजे. वहिनी पहिल्या पगाराचे पाकीट देवापुढे ठेवून माझ्याकडे वळल्या आणि म्हणाल्या, "एम.ए.चा फॉर्म भरला का?" माझ्या एम.ए.ची दोन्ही वर्षांची फी त्या पतपेढीच्या पगारातून गेली आहे. त्या काळात मुक्त विद्यापीठावरचा तो विनोद मी कट्ट्यावर पुन्हा केला नाही एवढे मात्र आठवते.

वहिनींच्या त्या चौथीच्या पुस्तकाचे घराणे मोठे आहे हे मला फार पुढे समजले. अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात स्किनर नावाचे मानसशास्त्रज्ञ होते. कबुतरांना हवे ते शिकवण्याबद्दल त्यांची ख्याती. १९५३ साली ते आपल्या मुलीच्या शाळेत गणिताचा तास पाहायला गेले. पाहतात तो ज्यांना येत होते ती पोरे लवकर आटोपून चुळबुळ करीत होती, ज्यांना येत नव्हते ती घाम पुशीत होती, नि कुणाचे बरोबर कुणाचे चूक हे त्या वेळी कुणालाच कळत नव्हते. स्किनरसाहेबांनी घरी येऊन शिकवण्याचे एक यंत्रच बनवायला घेतले. खिडकीत एक प्रश्न दिसे, मुलाने उत्तर लिहावे, दांडा सरकवला की खरे उत्तर समोर. ते यंत्र काही फार वर्षे चालले नाही. परंतु थोडे सांगावे, लगेच विचारावे, लगेच उत्तर दाखवावे ही त्याची रीत छापील पुस्तकांत उतरली, आणि दूरशिक्षणाची पुस्तके करणाऱ्यांनी ती जगभर उचलली. अशी ती फिरत फिरत पंचवटीत, आमच्या पोळपाटापाशी येऊन पोचली होती.

आणि माझी सुवाच्य वही का फसली याचेही उत्तर पुढे मिळाले. २००६ साली रोडिगर आणि कार्पिकी या दोघा अमेरिकन संशोधकांनी कॉलेजातल्या मुलांना उतारे वाचायला दिले. काहींनी उतारा पुन्हा वाचला. काहींनी पुन्हा न वाचता, आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा पुन्हा वाचणारेच पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा चित्र पालटले. आठवून लिहिणाऱ्यांना ५६ टक्के आठवत होते, पुन्हा वाचणाऱ्यांना ४२. म्हणजे पाठ करून ताज्या ताज्या परीक्षेला बसणाऱ्यास आपण फार हुशार आहोत असे वाटते, नि त्याला तसे वाटण्यात आमच्या परीक्षापद्धतीचाही हात असतो. वहिनींनी हे संशोधन वाचले नव्हते. दोन्ही हात कणकेत असल्यामुळे पुन्हा पुन्हा वाचण्याची चैन त्यांना परवडत नव्हती, इतकेच.

एवढे सगळे घरात घडून मी शहाणा व्हायला हवे होते. झालो नाही. २००४ साली मी प्राध्यापक झालो आणि पहिल्याच दिवशी डोळे मिटून बोलू लागलो.

ते वर्ष तंत्रज्ञानाच्या दृष्टीने मोठे होते. २० सप्टेंबर २००४ रोजी केवळ शिक्षणासाठी म्हणून बनवलेला आपला पहिला उपग्रह, एज्युसॅट, श्रीहरिकोट्याहून आकाशात गेला. त्याआधी इन्सॅट-३बी या उपग्रहावर जे प्रयोग झाले ते देशात तीन विद्यापीठांसाठी झाले, आणि त्यांतले एक आमचे नाशिकचे मुक्त विद्यापीठ होते. तबकड्या बसल्या, पडदे लागले. दूरवरच्या केंद्रात बसलेला विद्यार्थी प्रश्न विचारू शकेल अशी सोय झाली. आम्ही तरुण प्राध्यापक भारावून गेलो होतो. २०१० साली तो उपग्रह सेवेतून निवृत्त झाला. माणसाप्रमाणे यंत्रालाही सेवानिवृत्ती असते, फक्त त्याला नारळ नि शाल देत नाहीत.

त्याच्याही आधीची गोष्ट म्हणजे १५ ऑगस्ट १९८४ पासून विद्यापीठ अनुदान आयोगाने दूरदर्शनवर सुरू केलेले विद्यार्थ्यांसाठीचे कार्यक्रम. चांगले असत ते, पण बहुतेक सारे इंग्रजीत. दादा ते मन लावून पाही. नंतर कळले की तो क्रिकेट लागण्याची वाट पाहत बसे. ब्रिटनच्या मुक्त विद्यापीठाने १९७१ साली पहिले विद्यार्थी घेतले तेव्हापासून त्यांची व्याख्याने बीबीसीवर रात्री-अपरात्री लागत. २००६ च्या अखेरीस ती बंद झाली. विद्यापीठ मात्र उत्तम चालू आहे. चलच्चित्राच्या शोधात वाटा असलेल्या एडिसनने तर १९१३ सालीच सांगून टाकले होते की, आता शाळांतून पुस्तके हद्दपार होणार नि दहा वर्षांत सारे शिक्षण बदलणार. आमच्या विभागातले कपाट उघडले तर या भविष्यवाणीचे अवशेष आजही पाहायला मिळतील. पारदर्शिका दाखवणारा प्रोजेक्टर आहे, त्याचा दिवा गेलेला. सीडींची चळत आहे. आमचा शिपाई दर मार्चला विचारतो, "सर, भंगारात द्यायचं का?" आणि साठा-नोंदवहीत त्यांची किंमत लिहिलेली असल्यामुळे दर मार्चला आम्ही नाही म्हणतो.

माझ्यापुरते सांगायचे तर पडद्यावर पाने दाखवण्याची सोय वर्गात आली तेव्हा मी अक्षरशः राजा झालो. संतकाव्याची चाळीस पाने, पंडिती काव्याची साठ. अक्षर उडत येई, चित्र गिरकी घेऊन बसे. मुलांनी आधी लिहिणे सोडले, मग पाहणे सोडले. पान आले की मोबाइलने फोटो काढायचा नि मोकळे व्हायचे. मी म्हणे, पिढीच बिघडली!

आणि मग २०२० चा मार्च आला. कॉलेजे बंद झाली, नि आम्ही सारे आपापल्या घरी पुस्तकांच्या फळीपुढे बसून मोबाइलशी बोलू लागलो. ते दिवस वाचकांच्या घरोघरही झाले आहेत, वर्णन नको. समोर काळ्या चौकटी, चौकटीत नावाचे पहिले अक्षर. विनोद केला तर हसू नाही, रागावलो तर भीती नाही. मी तरीही न थांबता बोलत होतो. विषय अभंगरचनेचा होता. मी विचारले, "मोठ्या अभंगाच्या चौथ्या चरणात अक्षरं किती?" आणि सवयीप्रमाणे स्वतःच सांगितले, "चार. पुढे पाहू."

तास संपल्यावर एका मुलाचा निरोप आला. सुरगाणा तालुक्यातला मुलगा. गावात रेंज नव्हती म्हणून तो रोज टेकाडावर जाऊन एका झाडाखाली बसे, हे मला तोवर ठाऊक नव्हते. त्याने लिहिले होते, "सर, प्रश्न विचारल्यावर थोडं थांबत जा ना. इथं आवाज उशिरा पोचतो. मी उत्तर पाठवतो तोपर्यंत तुम्ही सांगून मोकळे होता. मला आज येत होतं."

मला आज येत होतं! हे वाक्य मी कितीदा वाचले असेन! त्या रात्री सगळे निजल्यावर मी माझ्या त्या तासाचे ध्वनिमुद्रण लावले आणि घड्याळ घेऊन बसलो. स्वतःचा आवाज ऐकणे हा एरवीही फार सुखाचा अनुभव नसतो. अठ्ठेचाळीस मिनिटांत मी अकरा प्रश्न विचारले होते. अकराही प्रश्नांची उत्तरे मीच दिली होती. प्रश्न आणि उत्तर यांच्यामध्ये सर्वांत जास्त थांबलो होतो तो दोन सेकंद, आणि तेही पाणी प्यायला. सुरगाण्याच्या टेकाडाचे सोडा. वर्गात पहिल्या बाकावर बसलेल्या मुलालाही मी सोळा वर्षांत याहून अधिक वेळ दिला नसणार.

याही रोगाचे संशोधन कधीच होऊन गेलेले आहे. मेरी बड रो या अमेरिकन बाईंनी १९७० च्या सुमारास शेकडो तासांची ध्वनिमुद्रणे ऐकली. शिक्षक प्रश्न विचारून सरासरी एकच सेकंद थांबतो असे त्यांना आढळले. तेच तीन सेकंद थांबला तर मुलांची उत्तरे लांब होतात, गप्प बसणारी पोरे बोलू लागतात, "माहीत नाही" म्हणणारी कमी होतात. दोन सेकंदांचाच फरक! त्याला वीज लागत नाही, अनुदान लागत नाही, निविदा काढावी लागत नाही. कदाचित म्हणूनच त्याचे उद्‍घाटन कुणी केले नाही.

कॉलेज पुन्हा उघडल्यावर मी थांबायला शिकू लागलो. वाचकहो, हे वाटते तितके सोपे नाही. पन्नास मुलांपुढे प्रश्न टाकून पाच सेकंद गप्प उभे राहा आणि पाहा. पंखा वाजू लागतो. बाहेर स्कूटर सुरू होते. आपल्याला काही येत नाही असे मुलांना वाटत असेल अशी शंका येते. आणि मग सहाव्या सेकंदाला तिसऱ्या बाकावरून कुणीतरी घसा साफ करते.

हार्वर्डलाच पदार्थविज्ञान शिकवणारे एरिक मेझर १९९१ पासून आपल्या तासाला असेच करीत आले. प्रश्न टाकायचा, प्रत्येकाने आपले उत्तर नोंदवायचे, मग शेजाऱ्याला पटवून द्यायचे, नि पुन्हा नोंदवायचे. नोंदवायला तिथे यंत्रे आली. मी बोटे वर करायला लावतो. एक बोट म्हणजे पहिले उत्तर, दोन म्हणजे दुसरे. यंत्र असते तर बरे झाले असते, कारण बोट वर करताना मुले हुशार मुलीच्या बोटाकडे पाहतात. मोबाइलवर गुपचूप उत्तर नोंदवता येते असे कळल्यावर तेही करून पाहिले, आणि ते खरोखरच चांगले आहे. ज्या मुली वर्गात चकार शब्द काढीत नव्हत्या त्यांची उत्तरे प्रथमच माझ्यापर्यंत आली. तेव्हा यंत्राचा मला राग आहे असे कुणी समजू नये.

उलट, मराठी शिकवणाऱ्याला या यंत्रांनी जे दिले आहे ते माझ्या प्राध्यापकांना स्वप्नातही मिळाले नसते. मोल्सवर्थसाहेबांचा मराठी-इंग्रजी कोश १८५७ च्या दुसऱ्या आवृत्तीचा. तो पूर्वी ग्रंथालयात बसूनच पाहावा लागे, बाहेर न्यायला मिळत नसे. तो आता शिकागो विद्यापीठाच्या कृपेने मुलांच्या खिशात आहे. मी जुन्या गद्याचा उतारा देतो, शब्द सांगत नाही. मुले शोधतात, भांडतात, "सर, इथं दुसराच अर्थ दिलाय" म्हणून मलाच अडवतात.

आणि जात्यावरच्या ओव्या! पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी नि त्यांच्या सहकाऱ्यांनी महाराष्ट्राच्या खेड्याखेड्यांतून बायकांच्या तोंडच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या, पुष्कळशा ध्वनिमुद्रित केल्या. 'परी' या संकेतस्थळावर त्या २०१७ पासून ऐकायला मिळतात. मी ओवीची व्याख्या तीस वेळा सांगितली असेल. गेल्या वर्षी व्याख्या न सांगता एक ध्वनिमुद्रण लावले नि विचारले, ही बाई कुठे श्वास घेते? आणि थांबलो. पेठ तालुक्यातली एक मुलगी उठली. "सर, आमची आजी शेवट असा नाही ओढत." मी म्हटले, मग कसा ओढते? ती लाजून खाली बसली. पुढच्या सोमवारी मात्र मोबाइलमध्ये आजी घेऊन आली. जाते आता घरात नव्हते, म्हणून आजीने नुसता हात फिरवीत ओवी म्हटली होती. शेवटचा चरण आखूड का असतो हे त्या तासाला मला सांगावे लागले नाही.

नाही म्हणायला नवे दुखणेही आहे. संगणकाकडून लिहून आणलेले निबंध हल्ली माझ्या टेबलावर येतात. शुद्धलेखन निर्दोष, भाषा गुळगुळीत, आणि वाचून झाल्यावर हातात काही राहत नाही. एका निबंधात तर एका कवीची कविता दुसऱ्याच्या नावावर खपवलेली होती, तीही अशा आत्मविश्वासाने की क्षणभर मीच चाचरलो. आधी चिडलो. आता तोच निबंध वर्गात वाचतो नि विचारतो, यात खोटे काय आहे? सरकारच्या 'स्वयम्' या व्यासपीठावर २०१७ पासून मोठमोठ्या प्राध्यापकांचे तास फुकट ऐकायला मिळतात, २०२१ च्या नियमांप्रमाणे सत्रातल्या ४० टक्क्यांपर्यंत विषय तिथे करता येतात. चांगलीच सोय आहे. परंतु असल्या अभ्यासक्रमांना नाव घालणारे पुष्कळ नि तडीस नेणारे थोडे, हा जगभरचा अनुभव. तास संपल्यावर दाराशी थांबून "परवा का आला नाहीस?" असे विचारणारे तिथे कुणी नसते.

मी स्वतः काही वर्षे रविवारी मुक्त विद्यापीठाच्या एका अभ्यासकेंद्रावर शिकवायला जात असे. तिथे शिक्षकाला समंत्रक म्हणतात. शब्द प्रथम ऐकला तेव्हा आपल्याला गंडेदोरे बांधायला नेमले आहे की काय असे वाटले. समोर रात्रपाळी करून आलेला पोलीस शिपाई असे, वीजमंडळाचा वायरमन असे, द्राक्षांच्या हंगामात पॅकिंगला जाणाऱ्या पिंपळगावकडच्या दोघी बहिणी असत. शिपाई सरळ झोपे. मी त्याला कधी उठवले नाही. पण त्या बहिणींपैकी धाकटी एकदा म्हणाली, "सर, पुस्तकात आहे ते आम्ही वाचलंय. तुम्ही फक्त विचारा." मला स्वयंपाकघर आठवले, उशी आठवली. पण तेव्हाही पुरते उमजले नाही. टेकाडावरचा मुलगा यायचा होता.

तर ती कॅसेट. घरात ती वाजवायला यंत्रच उरले नव्हते. रविवार कारंज्याजवळ एक वृद्ध रेडिओ-मेकॅनिक अजून दुकान उघडतात. त्यांनी कॅसेट नाकाशी धरून वास घेतला, पेन्सिल घालून दोन वेढे फिरवले नि म्हणाले, "चिकटलीय. पण निघेल." चौथ्या दिवशी त्यांनी ती पेन ड्राइव्हवर उतरवून दिली. त्याचे पैसे घेतले, आणि टेप चिकटू नये म्हणून काय करावे याचे व्याख्यान फुकट दिले.

संध्याकाळी मी काही न बोलता दिवाणखान्यात ती लावली. वहिनी आत मोदकांच्या सारणासाठी नारळ खोवीत होत्या. पतपेढीत त्या आता व्यवस्थापक आहेत, पण नारळ खोवणे त्यांनी दुसऱ्या कुणाच्या हाती दिलेले नाही. आधी नुसती खरखर आली. मग पंचवीसएक वर्षांच्या एका बाईचा, कुणी जागे होऊ नये म्हणून दबलेला आवाज. घटक चौथा. प्रश्न पहिला. मग खरखर. त्या खरखरीत लांबवर एक कुत्रे भुंकले, घड्याळाची टिकटिक ऐकू आली, नि झोपेत पुतणी काहीतरी बडबडली. आज ती पुण्याला असते, तिला स्वतःचा मुलगा आहे. मी मनात आकडे मोजत होतो. नऊ, दहा, अकरा. अकरा सेकंदांनंतर उत्तर आले.

आत खोवणीचा आवाज थांबला होता. दादाने वर्तमानपत्र खाली केले.

प्रश्न सातवा, कॅसेटमधल्या वहिनी म्हणाल्या, मोठ्या अभंगाच्या चौथ्या चरणात अक्षरे किती?

मी तोंड उघडले, आणि मिटले. खरखर चालू राहिली.

"सहा!" स्वयंपाकघरातून वहिनी ओरडल्या.

"चार," कॅसेट म्हणाली.

"अगं बाई! चारच की!" आणि खोवणी बाजूला ठेवून, ओले हात पदराला पुशीत वहिनी बाहेर आल्या. "भाऊजी, जरा मागे घ्या ना. पुन्हा विचारू दे तिला."